जुन्या राजेशाही टपाल तिकिटांवरून घडवलेली स्मारक नाणी : खरी कोणती मानावीत?

रामबागची शिक्षिका (इंदूर) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी इंदूरच्या रामबागेत राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. माझ्या वडिलांनी होळकर संस्थानाच्या टपाल तिकिटांचा एक लहानसा संग्रह केला होता. त्यात शिवाजीराव, तिसरे तुकोजीराव आणि दुसरे यशवंतराव यांच्या मुद्रा असलेली साठ-सत्तर तिकिटे आहेत, आणि वडिलांच्या पश्चात तो अल्बम माझ्याकडे आला. नाण्यांतले मला फारसे कळत नाही, हे आधीच सांगून टाकते.

गेल्या दिवाळीच्या आधी येथील एका प्रदर्शनात एका विक्रेत्याकडून मी एक आयताकृती तुकडा घेतला. त्याच्या चारही कडांना तिकिटासारखे दाते आहेत, मध्ये पगडी घातलेल्या राजाची मुद्रा आहे, वर 'इंदूर संस्थान' आणि खाली 'अर्धा आणा' व '१८८६' असे कोरलेले आहे. मागची बाजू जवळजवळ कोरी असून तिच्यावर केवळ एक नक्षीदार चौकट आहे. विक्रेत्याने ते 'होळकरांच्या पहिल्या तिकिटाचे चांदीचे स्मारक नाणे, वजन २० ग्रॅम' असे सांगून दिले. मखमली डबी आणि जाड कागदाचे प्रमाणपत्रही सोबत होते. घरी आल्यावर नीट पाहिले तेव्हा त्या प्रमाणपत्रावर ते कोणी पाडले याचा उल्लेखच नसल्याचे लक्षात आले. चांदीच्या भावाच्या जवळजवळ तिप्पट रक्कम मी मोजली होती, त्यामुळे मनाला थोडी रुखरुख लागून राहिली आहे.

आता दोन नवे प्रसंग समोर आहेत. टोरांटोला असलेला माझा भाचा पुढच्या महिन्यात येणार आहे, आणि कॅनडाच्या पहिल्या तिकिटाच्या दीडशेव्या वर्षानिमित्त निघालेले सन २००१ चे तीन सेंटचे नाणे आणू का, असे तो विचारतो. शिवाय पुण्याच्या एका परिचितांकडे 'पेनी ब्लॅक'चे, म्हणजे ब्रिटनच्या १८४० सालच्या जगातल्या पहिल्या टपाल तिकिटाचे, काळे नाणे विक्रीला आहे. अशा नाण्यांना संग्रहात कितपत स्थान द्यावे, आणि माझ्याकडे असलेल्या तुकड्याला नाणे म्हणावे की आणखी काही, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

मल्हारनगरी (इंदूर) यांचे उत्तर

ताई, नमस्कार. आपला शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण त्याचे उत्तर मिळाले की बाकीचे प्रश्न बरेचसे सुटतात.

धातूच्या तुकड्याला नाणे म्हणण्यासाठी दोन गोष्टी लागतात. तो पाडण्याचा अधिकार असलेल्या सत्तेने तो पाडलेला किंवा पाडवून घेतलेला असावा, आणि त्यावर त्या सत्तेने ठरवलेले दर्शनी मूल्य असावे. या दोहोंपैकी एक जरी नसली तर ती वस्तू पदक, मुद्रांकित ठोकळा किंवा शोभेची प्रतिकृती ठरते. प्रतिकृती असणे हा दोष नव्हे, पण तिला नाण्याची किंमत देऊ नये. तिकिटावरून केलेल्या नाण्यांत येथे एक गफलत हमखास होते, ती अशी की वस्तूवर मूल्य लिहिलेले दिसते, परंतु ते तिकिटाचे मूल्य असते, नाण्याचे नसते. आपल्या तुकड्यावरचा 'अर्धा आणा' हा त्या तिकिटाचा अर्धा आणा आहे. होळकर दरबाराने असे नाणे कधी पाडले नाही, आणि आजच्या भारत सरकारचे तर अर्ध्या आण्याचे चलनच नाही.

आपल्यासमोर आलेली दुसरी दोन्ही नाणी मात्र या कसोटीला उतरतात. 'पेनी ब्लॅक'चे काळे नाणे हे आइल ऑफ मॅन या बेटाच्या शासनाने १९९० साली, त्या तिकिटाला १५० वर्षे पूर्ण झाली तेव्हा काढले. त्याचे दर्शनी मूल्य एक क्राउन आहे, एका बाजूला राणी दुसरी एलिझाबेथ आहे आणि दुसऱ्या बाजूला काळ्या मुलाम्यात ते तिकीट आहे. ते साध्या धातूत जसे निघाले तसे चांदीतही निघाले, म्हणून पुण्याच्या परिचितांना कोणत्या धातूचे आहे हे आधी विचारा, कारण दोहोंच्या किमतींत पुष्कळ अंतर आहे. कॅनडाचे तीन सेंटचे नाणे मला व्यक्तिशः अधिक चतुर वाटते. १८५१ सालचे कॅनडाचे पहिले तिकीट तीन पेन्सचे होते, त्यावर सॅंडफर्ड फ्लेमिंग यांनी राणीच्या मुखाऐवजी बीव्हर हा प्राणी रेखाटला होता, आणि मुकुट व राणीच्या नावाची अक्षरे तेवढी वर ठेवली होती. कॅनडात तीन सेंटचे नाणे एरवी चलनात नसताना केवळ त्या तिकिटाच्या 'तीन'शी मेळ राहावा म्हणून हे मूल्य निवडले गेले. ते स्टर्लिंग चांदीचे, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदीचे असून वर सोन्याचा मुलामा आहे.

आता थोडे विषयाच्या गाभ्याकडे येतो, कारण तिकिटावरून नाणे करण्याची कल्पना आपल्याला जितकी नवी वाटते तितकी ती नाही, किंबहुना तिचा प्रवास उलट दिशेने सुरू झाला. १ मे १८४० रोजी विक्रीला आलेल्या आणि ६ मेपासून वापरता आलेल्या 'पेनी ब्लॅक'वरची व्हिक्टोरिया राणी कोणी समोर बसवून तिकिटासाठी काढलेली नाही. राणीने १८३७ मध्ये लंडन शहराला भेट दिली, त्या प्रसंगाच्या पदकासाठी विल्यम वायन या मुद्राकाराने तिचे मस्तक कोरले होते. त्या पदकावरून हेन्री कॉर्बोल्ड यांनी चित्र केले आणि चार्ल्स हीथ व त्यांचे पुत्र फ्रेडरिक यांनी ते पोलादी पत्र्यावर रेषांनी कोरले. म्हणजे धातूवरचा उठाव कागदावर गेला, आणि दीडशे वर्षांनी तो कागद पुन्हा धातूवर आला.

याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की हाच वायन ईस्ट इंडिया कंपनीच्या रुपयांचाही मुद्राकार होता. १८४० हे साल असलेला कंपनीचा व्हिक्टोरिया रुपया आमच्या सराफ्यात आजही दिसतो, त्यावर राणीचे डावीकडे पाहणारे तरुण मस्तक आहे, आणि काही नाण्यांवर मानेच्या कापावर वायनच्या नावाची दोन बारीक अक्षरे भिंगाखाली वाचता येतात. ज्या हाताने 'पेनी ब्लॅक'ला मुख दिले, त्याच हाताचा आणि त्याच सालाचा हा ११.६६ ग्रॅमचा रुपया माळव्याच्या बाजारात खणखणत होता. परदेशी स्मारक नाणे घेण्याआधी ज्याला हा रुपया मिळेल त्याने तो घ्यावा, असे माझे मत आहे. ते पक्षपाती असू शकेल.

आणखी एक दुवा आहे. 'पेनी ब्लॅक' छापणारी पर्किन्स बेकन ही लंडनची संस्था पुढे होळकर संस्थानाची तिकिटेही छापत असे. तिसऱ्या तुकोजीरावांची १९०४ पासूनची आणि दुसऱ्या यशवंतरावांची १९२७ पासूनची मालिका तिनेच छापली. शिवाजीरावांची १८८९ ची कोरीव तिकिटे वॉटरलो यांची होती. आपल्या वडिलांच्या अल्बममध्ये या दोन्ही छापखान्यांचे काम एकाशेजारी एक असणार. भिंग घेऊन पार्श्वभूमीच्या बारीक रेषा पाहा. नक्कल करणाऱ्याची दमछाक व्हावी म्हणूनच त्या यंत्राने ओढलेल्या असत.

आणि एक लहानसे काम करून पाहा. १८८६ साली निघालेले इंदूरचे पहिले अर्ध्या आण्याचे जांभळट तिकीट दुसऱ्या तुकोजीरावांच्या मुद्रेचे होते, शिवाजीरावांच्या नव्हे. आपल्या तुकड्यावरची मुद्रा अल्बममधल्या शिवाजीरावांच्या तिकिटाशी ताडून पाहा आणि काय दिसते ते येथे कळवा.

सयाजीगंजचा संग्राहक (वडोदरा) यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, म्हणून ते पुन्हा सांगत नाही. धातूविषयी आणि जपणुकीविषयी थोडे लिहितो, कारण या प्रकारच्या वस्तूंत पैसे तेथेच बुडतात.

चांदी खरी आहे की केवळ मुलामा आहे, हे घरच्या घरी बऱ्याच अंशी पडताळता येते. दागिने तोलण्याचा लहान वजनकाटा घ्यावा आणि तुकड्याचे कोरडे वजन करून लिहून ठेवावे. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्यावर आणावा. तुकडा दोऱ्याला बांधून, तळाला किंवा कडेला न टेकता, पूर्ण बुडेल असा धरावा. काट्यावर जितके ग्रॅम वाढतील तितके घनसेंटिमीटर त्याचे आकारमान. कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते. शुद्ध चांदीची घनता १०.४९ आहे आणि स्टर्लिंगची त्याहून किंचित कमी, तर तांबे व तांबे-निकेल यांची नऊच्या खालीच राहते. पाण्याचे बुडबुडे तुकड्याला चिकटू देऊ नयेत, नाहीतर आकडा फसवतो. ज्यांना अंतिम खात्री हवी असेल त्यांनी विश्वासातल्या सराफाकडून यंत्रावर टंच काढून घ्यावा. कसोटीच्या दगडावर मात्र घासू देऊ नये, कारण स्मारक नाण्यावरचा एक ओरखडाही त्याची निम्मी शोभा आणि बरीचशी किंमत घेऊन जातो.

चकाकणाऱ्या पार्श्वभूमीवर दुधट उठाव असलेल्या ज्या प्रती 'प्रूफ' म्हणून विकल्या जातात, त्या खास घासून-पुसून तयार केलेल्या साच्यांनी, तशाच तयार केलेल्या चकत्यांवर, एकाहून अधिक ठोके देऊन पाडतात. त्यांच्या आरशासारख्या भागाला बोटाचा स्पर्श झाला तर तो डाग काही दिवसांनी उमटतो आणि कायमचा राहतो. म्हणून त्या कडेनेच धराव्यात, पारदर्शक डबीतून शक्यतो काढूच नयेत, आणि लोकर, मखमल व स्वस्त मऊ प्लास्टिकची पाकिटे यांपासून दूर ठेवाव्यात. ताई, आपली मखमली डबी दिसायला छान असली तरी चांदीला ती मानवत नाही. दिवाळीत देवांची भांडी ज्या चिंचेने वा राखेने आपण उजळतो, तो प्रयोग नाण्यावर करण्याचा मोह आवरावा. आमच्या घरी एका सुरेख रुपयाची अशी वासलात लागलेली आहे, आणि ती लावणारी व्यक्ती आता हयात नसल्याने तक्रार करायलाही जागा उरली नाही. काळ्या मुलाम्याच्या नाण्यावर तर कापडाचाही हात फिरवू नये, कारण तेथे काळेपणा हाच अलंकार आहे.

जाता जाता एक सावधगिरीची सूचना. 'बडोदे संस्थानाच्या टपाल तिकिटाचे नाणे' म्हणून कोणी काही दाखवले तर हात आखडता घ्यावा. बडोदे संस्थानाची न्यायालयीन व महसुली तिकिटे होती, स्वतःची टपाल तिकिटे नव्हती. सयाजीराव महाराजांची मुद्रा पाहायची असेल तर विक्रम संवत १९४८ पासूनचे त्यांचे यंत्रावर पाडलेले चांदीचे रुपये पाहावेत, त्यांच्यापुढे आजच्या प्रतिकृती फिक्या पडतात.

लष्करकर (ग्वाल्हेर) यांचे उत्तर

सयाजीगंजकरांनी बडोद्याचे सांगितले, तसेच ग्वाल्हेरचेही आहे. आमच्या संस्थानाने १८८५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर ग्वाल्हेरचे नाव छापून ती वापरली, त्यामुळे ग्वाल्हेरच्या टपाल तिकिटावर मुख व्हिक्टोरियाचे, एडवर्डचे वा जॉर्जचे दिसते, शिंद्यांचे नाही. माधवराव महाराजांची मुद्रा हवी असेल तर ती संवत १९७० च्या तांब्याच्या पाव आण्यावर मिळते. 'शिंदेशाही टपाल तिकिटाचे सुवर्णनाणे' अशी एक वस्तू मला स्वतःला दाखवण्यात आली होती. ती पाहून हसू आवरले नाही.

मल्हारनगरी यांच्या एका मताशी मात्र माझा थोडा मतभेद आहे. नाणे की प्रतिकृती हा भेद कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे, परंतु संग्राहकाने तेवढ्यावर थांबू नये. दर्शनी मूल्य आणि सरकारचे नाव असले की वस्तू चांगली होते असे नाही. कित्येक लहान बेटांच्या नावाने परदेशी खासगी टाकसाळी वाटेल त्या विषयावर नाणी पाडतात, त्या बेटांवरच्या दुकानात ती कधी पोचत नाहीत, आणि तरीही ती कायद्याने नाणीच असतात. म्हणून मी तिसरी एक कसोटी लावतो, ती म्हणजे मुद्राकाराला ते तिकीट समजले आहे का. कागदावरच्या कोरीव तिकिटात छाया ही रेषांच्या दाटीने येते, तर नाण्यात ती उठावावर पडणाऱ्या उजेडाने येते. ज्याने तिकिटाच्या रेषा जशाच्या तशा धातूवर उतरवल्या त्याने केवळ छायाचित्राची नक्कल केली, आणि ज्याने त्या रेषांमागचा चेहरा ओळखून तो नव्याने घडवला त्याने नाणे केले.

याचे उत्तम उदाहरण अर्नोल्ड मेशिन या इंग्रज शिल्पकाराचे आहे. राणी दुसऱ्या एलिझाबेथची त्यांनी केलेली मुद्रा ब्रिटनच्या तिकिटांवर १९६७ मध्ये आणि दशमान पद्धतीच्या नव्या नाण्यांवर १९६८ मध्ये आली. तिकिटावर राणी डावीकडे पाहते आणि नाण्यावर उजवीकडे. एकाच शिल्पकाराने दोन्ही कामे केली असूनही त्यांनी एकाची प्रत दुसऱ्यावर चिकटवली नाही.

तपशिलाची चूक ही या कसोटीची सर्वांत सोपी बाजू आहे. 'पेनी ब्लॅक'ला दाते नव्हते, २४० तिकिटांचा ताव कात्रीने कापून तिकिटे सुटी करीत असत. त्यामुळे दातेरी कडा असलेला 'पेनी ब्लॅक'चा चांदीचा ठोकळा दिसला, तर तो घडवणाऱ्याने मूळ तिकीट पाहिलेलेच नाही असे खुशाल समजावे. इंदूरच्या १८८६ च्या तिकिटाला दाते होते, म्हणून ताईंच्या तुकड्याचे दाते तेवढे निर्दोष आहेत. पण १८८९ मध्ये काही काळ हाताने ठसा मारून गुलाबी कागदावर काळ्या शाईत केलेले जे इंदूरचे अर्ध्या आण्याचे तिकीट वापरात आले होते, त्याला दाते नव्हते. त्याची दातेरी प्रतिकृती उद्या कोणी विकू लागले तर तिच्यापासून दूर राहावे.

आणि ताई, मी आपल्या जागी असतो तर नव्या नाण्यांमागे लागण्याऐवजी जोड्या लावल्या असत्या. ज्या राजाचे तिकीट अल्बममध्ये आहे, त्याच राजाचे, शक्य तितक्या जवळच्या सालाचे नाणे शेजारी ठेवायचे. शिवाजीरावांच्या तिकिटाशेजारी संवत १९५६ च्या सुमाराचा त्यांच्या मुद्रेचा रुपया, आणि यशवंतरावांच्या तिकिटाशेजारी १९३५ चा त्यांचा तांब्याचा पाव आणा. तांब्याचे नाणे तर फार महागही पडणार नाही. शंभर वर्षांहून जुने नाणे कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ते देशाबाहेर नेता येत नाही, एवढे लक्षात ठेवावे, विशेषतः टोरांटोच्या भाच्याला भेट देण्याचा विचार मनात आला तर.

मल्हारनगरी (इंदूर)

लष्करकरांची तिसरी कसोटी मला मान्य आहे, आणि जोड्यांची कल्पना तर माझ्याच ध्यानात यायला हवी होती. केवळ एक भर घालतो. आपल्याकडची ताजी जोडीही मिळू शकते. अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीनिमित्त ३१ मे २०२५ रोजी भोपाळला टपाल तिकीट आणि ३०० रुपयांचे स्मारक नाणे ही दोन्ही एकाच कार्यक्रमात प्रकाशित झाली. अशी मोठ्या मूल्याची नाणी बाजारात खर्चायला येत नाहीत, सरकारी टाकसाळी ती संग्राहकांना संचाच्या रूपात विकतात. ज्यांना खर्च नको असेल त्यांनी भारतीय टपालाच्या दीडशे वर्षांनिमित्त २००४ साली निघालेला साधा एक रुपया शोधावा, तो अजूनही जुन्या सुट्या पैशांत सापडतो.

रामबागची शिक्षिका (इंदूर)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे दोन्ही पडताळण्या केल्या, त्यांचा वृत्तांत देते.

तुकड्यावरची मुद्रा वडिलांच्या अल्बममधील शिवाजीरावांच्या तिकिटाशेजारी ठेवून भिंगातून पाहिली. पगडीची घडी, कानाजवळची रेष आणि चौकटीचे कोपरे तंतोतंत तेच आहेत. म्हणजे ज्याने हे घडवले त्याने १८८९ च्या तिकिटावरून मुद्रा घेतली आणि खाली १८८६ असे साल घातले. दुसऱ्या तुकोजीरावांचा त्यात लवलेशही नाही.

वजन १९.९ ग्रॅम भरले, ते विक्रेत्याच्या सांगण्याशी जुळते. पाण्यात मात्र काटा २.३ ग्रॅमवर थांबला. नातवाने तीन वेळा करून पाहिले, एकदा बुडबुडे झटकूनही, आणि प्रत्येक वेळी तोच आकडा आला. भागाकार ८.६५ च्या आसपास येतो. त्यामुळे सराफ्यात टंच काढायला जाण्याचा बेत रद्द केला आहे. तो तुकडा आता माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला असतो आणि त्या कामाला तो चांगला आहे.

भाच्याला तीन सेंटचे नाणे आणायला सांगितले आहे, बीव्हरसाठी नव्हे तर त्या मूल्याच्या युक्तीसाठी. पेनी ब्लॅकच्या नाण्याविषयी परिचितांना विचारले, ते साध्या धातूचे निघाले. किंमत त्यांनी चांदीची सांगितली होती, म्हणून तूर्त नको म्हटले आहे. यशवंतरावांचा १९३५ चा पाव आणा कोणाकडे दुबार असेल आणि तो बदल्यात देण्याची इच्छा असेल, तर माझ्याकडे तिसऱ्या तुकोजीरावांची एकाच प्रकारची चार तिकिटे आहेत, त्यांपैकी दोन मी आनंदाने देईन.